दारची जास्वंद आणि इवली पाखरे



मृगाचा पाऊस स्थिरावला आणि तरवा पेरून झाला की लावणीपर्यंत चार दिवस हात थोडे मोकळे होतात. त्या दिवसांत करण्याजोगे एक लहानसे काम आज सांगतो. खळ्याच्या कडेला किंवा विहिरीच्या वाटेवर देशी तांबड्या जास्वंदीच्या दोन-चार फांद्या लावा. खर्च काहीच नाही. गणपतीला फूल मिळते, कुंपण होते आणि बारा महिने पाखरांचा राबता राहतो.

जास्वंदीवर येणारे मुख्य पाखरू म्हणजे सूर्यपक्षी, ज्याला शिंजीर असेही म्हणतात. वजन दहा ग्रॅमच्या आतच. एका जातीचा नर लांबून काळा दिसतो, पण ऊन पडले की निळा-जांभळा चमकतो. दुसऱ्या जातीच्या नराचे पोट पिवळे असते. बाकदार चोचीने तो फुलातला मध ओढतो. पुष्कळदा तर समोरून न जाता फुलाच्या बुडालाच भोक पाडतो! मोठी पाखरे मधावर जगतात, परंतु पिल्लांना भरवतात ते किडे आणि कोळी. म्हणून अशी जोडी परसात असलेली बरी. ती आली म्हणजे आंब्यावरचा तुडतुडा संपला, असे मात्र मी सांगणार नाही.

लागवड

आपल्याकडे या झाडाला बी क्वचितच धरते, म्हणून फांदीच लावावी. पेन्सिलीएवढी जाड, पक्व पण फार जून नाही अशी वीतभर फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या खाली तिरका द्या. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढा. फांदी निम्मी मातीत जाईल अशी सावलीत खोचा. पाच-सहा आठवड्यांत मुळे सुटतात. मग दीड फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मातीत मिसळून रोप लावा. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर हवे. दाट कुंपण करायचे असेल तर दोन-अडीच फूट पुरे.

देवबाग-तारकर्लीच्या वाळूत पाणी थांबत नाही. तेथे खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे घालून वर तांबडी माती व शेणखत भरा. खारा वारा थेट लागणार नाही अशी घराच्या आडोशाची जागा निवडा. चौके-कट्ट्याच्या बाजूला जांभ्या कातळावर अडचण उलटी. तेथे खड्ड्यात पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून निचऱ्याला चर काढा आणि रोप थोडे उंचवट्यावर लावा. मासळीचे खत चांगले खरे, परंतु ते उघडे राहिले तर कुत्री झाड उकरून ठेवतात. उन्हाळ्यात न्हाणीचे पाणी वळवा, मात्र साबण-सोड्याचे नको.

फूल एकेरी पाकळ्यांचेच निवडा. डबल जास्वंद दिसायला भरदार असते, पण पाकळ्यांच्या गर्दीत पाखराला मधापर्यंत पोचणे कठीण जाते.

आणखी एक इशारा. पाखरे येतात म्हणून कोणी कुंपणाला टणटणी, म्हणजे घाणेरी, ठेवू नका. तिची फळे बुलबुल खातात आणि बी काजूच्या बागेत, माळावर नेऊन टाकतात. तिचा पाला गुरांच्या पोटात गेला तर यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हाने कातडी सोलवटते. जास्वंदीत हा धोका नाही.

कीड आणि माझी चूक

जास्वंद भेंडीच्या कुळातली. त्यामुळे मावा, पिठ्या ढेकूण अशा किडी दोघींवरही येतात. भेंडीच्या वाफ्याला लागून जास्वंद लावू नका.

पिठ्या ढेकणाबद्दल एक अनुभव सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, मालवण तालुक्यातल्या एका आजींनी मला खळ्यातली जास्वंद दाखवली. शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड होती. मी घाईत होतो. नेहमीचे उत्तर दिले, आंतरप्रवाही कीटकनाशक फवारा. झाडात काय आहे ते पाहिले नाही. आठ दिवसांनी काजूच्या कामासाठी पुन्हा गेलो, तेव्हा आजी म्हणाल्या, "साहेबानू, कीड गेली खरी, पण पाखरू काय दिसाक नाय."

फांदीला जळमटांनी आणि काड्यांनी विणलेली पिशवी लोंबत होती. आत दोन पिल्ले मरून पडली होती. ती कशाने मेली याची तपासणी कोणी केली नाही. परंतु आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, फुलातल्या मधातही उतरू शकते आणि फवारलेले किडेच पिल्लांच्या चोचीत जातात, हे मी शिकलेलो माणूस होतो. आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हापासून घरच्या जास्वंदीला मी ते औषध सांगत नाही.

त्याऐवजी असे करा. आधी झाड उलगडून घरटे आहे का ते पाहा. किडीने भरलेले शेंडे कापून जाळा. राहिलेली कीड पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती मोडा, कारण गोड चिकट्यासाठी मुंग्याच पिठ्या ढेकणाला सांभाळतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. एवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. घरटे असेल तर पिल्ले उडून जाईपर्यंत फक्त हातानेच कीड काढा. अंडी फुटायला सुमारे दोन आठवडे आणि पिल्ले उडायला साधारण तेवढेच दिवस लागतात. तेवढी कळ काढता येते.

छाटणी पाऊस ओसरल्यावर हलकीशी करा, तीही घरटे नाही याची खात्री करून. नव्या फुटीलाच फुले येतात, म्हणून अधूनमधून शेंडे खुडत राहिल्यास झाड भरगच्च होते.

शेवटची विनंती घरातल्या माताभगिनींना. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. पहाटे परडी घेऊन सगळी फुले खुडली तर उजाडल्यावर आलेल्या पाखराला त्या दिवशी त्या झाडावर काहीच उरत नाही. चतुर्थीच्या दिवसांत तर झाड ओके होते. हाताला येतील ती खालची फुले देवाला घ्या, वरच्या फांद्या पाखरांना सोडा. देवाला काही कमी पडणार नाही.

तरवा उपटायला अजून अवकाश आहे. शेजाऱ्याकडे तांबडी जास्वंद असेल, तर चार फांद्या आजच मागून आणा.