कमी आवाजाच्या गोळीआधी कायदा पाहा

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकडेला ससे, रानडुकरे भुईमूग-ऊस खातात, तेव्हा 'पॉइंट टू-टूची कमी आवाजाची गोळी चालेल का?' असा प्रश्न येतो. ही गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते, म्हणून दणका कमी. गुन्हा मात्र तोच. 2022 च्या दुरुस्तीनंतर ससा, रानडुक्कर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहेत. विनापरवानगी शिकारीला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली वन विभागाची लेखी परवानगी मागा. नुकसान दिसताच फोटो काढा, सातबारा जोडून वनरक्षकाकडे अर्ज द्या. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका.