पोट लहान झाले, ताटाचे काय?

आपल्या आरोग्य शिबिरांत आपण पांढऱ्या पाण्याबद्दल बोलतो, गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतो, अंगात रक्त कमी असण्याबद्दल बोलतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मात्र बैठकीत हसू पिकते. 'ती पैसेवाल्यांची थेरं,' असे एखादी म्हणते आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

नगर जिल्ह्यात काम करताना गेल्या काही वर्षांत मला अशा बाया भेटू लागल्या आहेत, ज्यांनी पुण्याला किंवा नाशिकला जाऊन हे ऑपरेशन करून घेतले. त्या नट्या नाहीत. कुणी शिक्षिका आहे, कुणी साखर कारखान्यातल्या कारकुनाची बायको, कुणी चार गाई सांभाळून डेअरीला दूध घालणारी. कुणाचे पैसे विम्यातून आले, कुणाचे सोने मोडून. ऑपरेशनची हकीकत त्या दोन वाक्यांत संपवतात. त्यानंतरच्या जेवणाबद्दल बोलू लागल्या की तासभर थांबत नाहीत.

त्यांचे ऐकून माझे जे मत बनले ते असे: शस्त्रक्रिया एका बाईच्या पोटावर होते, पण तिचे पथ्य साऱ्या घराला पाळावे लागते. आपली घरे त्यासाठी बदलत नाहीत, आणि त्याची किंमत ती बाई आपल्या रक्ताने, हाडांनी आणि केसांनी मोजते. म्हणून हा प्रश्न डॉक्टर आणि पेशंट यांच्यापुरता सोडून देता येणार नाही. तो स्त्री संघटनांचाही आहे.

हा आपला प्रश्न आहे का?

काही मैत्रिणी विचारतील, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पोटभर मिळत नाही, तिथे लठ्ठपणाची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी सुमारे २१ जणींचे वजन गरजेपेक्षा कमी आहे आणि सुमारे २३ जणींचे गरजेपेक्षा जास्त. शंभरातल्या ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे बारीक बाई आणि जाड बाई या दोन वेगळ्या जगांतल्या नाहीत. भाकरी, भात, चहा-साखर यांवर पोट भरायचे. डाळ, अंडे, दूध आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जायचे, या एकाच व्यवस्थेतून दोघी येतात. वजन भरपूर आणि रक्त कमी, अशा कितीतरी जणी आपल्या गटांत बसलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, या ऑपरेशनची शिफारस आता पूर्वीपेक्षा कमी वजनालाही होऊ लागली आहे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांच्या संघटनांनी नवे निकष जाहीर केले. त्यानुसार आशियाई माणसाचा वजन-उंची निर्देशांक २७.५ च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवता येतो. पाच फूट उंचीच्या बाईचा हिशेब केला तर हे वजन होते अवघे ६४ किलो! विमा कंपन्यांचे निकष अजून पुष्कळ कडक आहेत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार निर्देशांक ४० असेल, किंवा गंभीर आजारासह ३५ असेल, तरच खर्च मिळतो. त्याच बाईसाठी ४० म्हणजे सुमारे ९३ किलो. या दोन आकड्यांच्या मध्ये ज्या बाया येतात, त्यांना सल्ला मिळेल पण पैसे मिळणार नाहीत. जगभरात हे ऑपरेशन करून घेणाऱ्या दर चौघांमध्ये जवळपास तिघी बाया असतात, हेही लक्षात ठेवावे.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. मधुमेह, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास यांनी गांजलेल्या बाईला तिने खरोखर आराम पडतो. कुणी 'सुंदर दिसण्यासाठी केले' म्हणून तिला नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. पण लग्न जमत नाही म्हणून आईबापांनी मुलीला टेबलावर चढवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे निर्णय कोणाचा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

आत काय बदलते

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. कापलेले पुन्हा जोडता येत नाही. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. त्यामुळे अन्न कमी मावते आणि काही सत्त्वे शोषलीही कमी जातात.

सुरुवातीला नुसते पाण्यासारखे पातळ, मग दूध-ताक-वरणाचे पाणी, मग घोटून मऊ केलेले, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचे साधे जेवण, असा क्रम असतो. त्यानंतरचे नियम मात्र जन्मभराचे आहेत. घास लहान घ्यायचा, खूप चावायचा, जेवायला वीस-पंचवीस मिनिटे द्यायची. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवल्यावर अर्ध्या तासाने घोटघोट प्यायचे. आधी प्रथिने खायची, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी-भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत.

गोड खाल्ले तर काय होते? विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. हळदीकुंकवाला 'एक पेढा तरी घे' म्हणणाऱ्या बाईला हे ठाऊक नसते. पेढा घेणारीला ठाऊक असते, तरी ती नाही म्हणू शकत नाही.

पथ्याचा कागद आणि आपले स्वयंपाकघर

दवाखान्यातून मिळालेले पथ्याचे कागद मी पाहिले आहेत. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि महागडी प्रथिनांची पावडर असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो कागद अशा माणसासाठी लिहिलेला असतो ज्याला कोणीतरी वेळेवर ताट वाढून देते. आपल्या घरांत वाढणारी हीच असते!

ती सगळ्यांचे झाल्यावर दुपारी दोनला बसते, तेव्हा पातेल्यात वरणाचे पाणी आणि टोपलीत गार भाकरी उरलेली असते. कोरडी भाकरी घाईने गिळली की ती छातीत अडकते, लाळ सुटते, उलटी होते. दोनचार वेळा असे झाले की बाई भाकरीच सोडते. मग काय उतरते? चहात बुडवलेले बिस्कीट, खारी, फरसाण. हे विनासायास जाते, अडकत नाही. असे करत प्रथिने शून्य होतात, केस मूठमूठ गळतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागते. तेव्हा घरचे म्हणतात, 'एवढे लाख घातले, तरी हिचं तोंड काही थांबलं नाही.' बिस्किटापर्यंत तिला कोणी ढकलले, हे कोणी विचारत नाही.

थोडेथोडे पाच-सहा वेळा खायचे, हा नियम पाळायला गेली तर 'दिवसभर चरतच असते.' लग्नात दोन घास खाऊन उठली तर 'आमचं अन्न गोड लागलं नाही का?' आधी जास्त खाते म्हणून बोलणी, आता सारखी खाते म्हणून बोलणी, आणि पंगतीत कमी खाते म्हणूनही बोलणी. बाईच्या तोंडावर साऱ्या गावाची नजर असते.

उपासाचे काय? चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच. दिवसभर कोरडे राहून रात्री खिचडी खाणे या पोटाला झेपत नाही. देवाला काय द्यायचे ते जिचे तिने ठरवावे, पण उपास सोडण्याची मुभा घरातल्या मोठ्यांनी तिला मोकळेपणाने दिली पाहिजे.

वास्तविक आपल्या जिल्ह्यात प्रथिनांची वाण नाही. दोन अंडी, अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही, वाटीभर घट्ट मुगाचे वरण, पन्नास ग्रॅम पनीर आणि मूठभर सोयाबीनच्या वड्या भिजवून बारीक केलेल्या, एवढ्यात दिवसाची ५५ ते ६० ग्रॅमची बेरीज जवळपास होते. पिठले, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, हे सगळे मऊ करून या पोटाला चालते. भाकरीही पुढे चालते, वरणात कुस्करून. पावडरीच्या डब्यावाचून भागते. पण जी बाई रोज वीस लिटर दूध डेअरीला घालते, तिने घरात अर्धा लिटर स्वतःसाठी बाजूला काढायचा म्हटले तर तिला विचारावे लागते, हे खरे दुखणे आहे.

रक्त, गोळ्या आणि गरोदरपण

ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांना आधीच रक्त कमी आहे, तिथे लोह आणि बी-१२ कमी शोषले जाणारे हे ऑपरेशन दुप्पट काळजीचे आहे. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि वर्षातून निदान एकदा रक्त तपासावे लागते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. चहाबरोबर तर नाहीच. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. हा खर्च बहुधा खिशातून होतो, आणि घरात ओढाताण झाली की पहिली बंद होते ती बाईची गोळी.

उलट्या काही दिवस थांबत नसतील तर 'सवय होईल' म्हणून बसू नये. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. ताबडतोब दवाखाना गाठावा.

ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत, असे सांगतात. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता उलट वाढते. दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरे साधन लागते. नव्या सुनेने दीड वर्ष थांबायचे, हे सासरी कोण सांगणार? निरोध वापरा, हे नवऱ्याला कोण सांगणार?

मग करायचे काय?

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आली तेव्हा तिच्या किलोंचे आकडे साऱ्या देशाने पाठ केले. मार्चमध्ये ऑपरेशन झाले, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. आजही जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात. त्या दोन फोटोंच्या मधले आणि पुढचे रोजचे जेवण जाहिरातीत मावत नाही. ते काम आपले आहे.

आणि हे काम आपल्याच जिल्ह्यात होऊ शकते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या, पुष्कळशा दलित बायांनी आरोग्य सेविका होऊन गावाला आहार शिकवला. पोषणाचे ज्ञान चांगल्या इंग्रजीवर अवलंबून नसते, हे जामखेडने कधीच दाखवून दिले आहे. म्हणून काही मागण्या आणि काही कामे मांडते.

१. ऑपरेशनपूर्वीचा आहाराचा सल्ला मराठीत, बाजरी-ज्वारी-कडधान्याच्या भाषेत मिळावा. त्या वेळी नवरा आणि सासू, जो कोणी घरचा कारभार बघतो तो, समोर बसलेला असावा. बाईची संमती मात्र तिला एकटीला विचारून घ्यावी.

२. जन्मभराच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च ऑपरेशनच्या आधीच लेखी सांगावा.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा बाईची नोंद व्हावी. लोहाच्या गोळ्या तिथे मिळतातच; बी-१२ आणि वर्षाची रक्ततपासणीही मोफत मिळावी. आशाताईंना या ऑपरेशनची माहिती द्यावी.

४. बचत गटांनी अशा बायांना एकमेकींशी गाठ घालून द्यावी. भाकरी कधी उतरू लागली, सणावारी कसे निभावले, हे ज्यांनी भोगले त्याच नीट सांगू शकतात.

यांतल्या पहिल्या तीन मागण्यांसाठी लढावे लागेल, वेळ लागेल. पण एक गोष्ट उद्यापासून जमण्यासारखी आहे. ज्या घरात अशी बाई आहे, तिथे तिचे ताट सगळ्यांच्या आधी, किंवा निदान सगळ्यांबरोबर वाढले जावे. वरणाचा घट्ट भाग तिच्या वाटीत पडावा. आणि खरे तर ऑपरेशन झालेले नसले, तरी ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे तिचेही ताट असेच वाढायला हवे. त्यासाठी पोट कापून घेण्याची वाट कशाला पाहायची?