ना लोटांगण, ना वल्गना

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस भारताचे पंतप्रधान सात वर्षांच्या खंडानंतर चीनच्या भूमीवर उतरले. तियान्जिनमध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी ड्रॅगन आणि हत्ती यांनी एकत्र येण्याची भाषा केली. त्याच वर्षी जूनमध्ये कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली होती. ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांतील थेट विमानसेवाही सुरू झाली. शेजाऱ्याशी बोलणे सुरू झाले याबद्दल शांततावादी नागरिकाला खेद वाटण्याचे कारण नाही. परंतु २०२० साली चिनी मालाची होळी करा म्हणून गर्जना करणारेच आज या भेटीगाठींचे पोवाडे गात असतील, तर या दोन टोकांच्या मध्ये धोरण नावाची वस्तू नेमकी कोठे आहे, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांनी प्राण गमावले. आपले चार सैनिक मारले गेल्याची कबुली चीनने आठ महिन्यांनी दिली. १९७५ नंतर या सीमेवर झालेली ही पहिली प्राणहानी होती. १९९३ च्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचे वचन होते. १९९६ च्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी न झाडण्याचे बंधन होते. गोळी झाडली गेली नाही हे खरे, पण खिळे ठोकलेल्या दंडुक्यांनी आणि दगडांनी माणसे मारली गेली. करारातील शब्द पाळला गेला आणि त्याचा आशय पायदळी तुडवला गेला. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी देपसांग व देमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला. तथापि त्यानंतरही दोन्ही बाजूंची जादा कुमक सीमेजवळ राहिलीच. २०१३ साली देपसांग, २०१४ साली चुमार, २०१७ साली डोकलामचे त्र्याहत्तर दिवस आणि मग गलवान, असा हा क्रम आहे. आपले बळ वाढले आहे, तेव्हा जुन्या रेषा आपल्या सोयीने वाचल्या जाव्यात, अशी उदयोन्मुख सत्तेची धारणा त्यातून स्पष्ट होते.

या धारणेपुढे भारताने यापूर्वी दोन चुका केल्या आहेत. १९५० मध्ये चिनी फौजा तिबेटात शिरल्या. १९५४ च्या करारान्वये भारताने तिबेटमधील आपले जुने अधिकार सोडले. त्या बदल्यात सीमेचा प्रश्न मिटवून घेतला नाही. १९५७ साली अक्साई चीनमधून जाणारा चीनचा रस्ता पुरा झाला, तेव्हा दिल्लीला जाग आली. डॉ. राममनोहर लोहिया यांनी तिबेटवरील आक्रमणाला शिशुहत्या म्हटले होते आणि हिमालयातील लोकांशी नाते जोडणारे धोरण आखा, असा आग्रह धरला होता. तो आग्रह अरण्यरुदन ठरला. ही झाली भाबडेपणाची चूक. दुसरी चूक तिच्या पाठोपाठ आली. १९६१ नंतर पुरेसा दारूगोळा, रस्ते आणि थंडीचे कपडे यांवाचून जवानांना उंच ठाण्यांवर पुढे सरकवण्यात आले. पाठीशी बळ नसताना धाडसाचा देखावा करण्यात आला आणि त्याची किंमत १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सामान्य शिपायाने मोजली. भाबडेपणा आणि वल्गना ही जुळी भावंडे आहेत. दोन्ही वस्तुस्थितीकडे पाहण्याचे टाळतात.

आजची वस्तुस्थिती काय आहे? गलवाननंतर पंधरवड्याच्या आत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०२०-२१ मध्ये चीनमधून होणारी आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ११३ अब्ज डॉलरवर गेली. त्या वर्षी भारताची चीनला निर्यात जेमतेम १४ अब्ज डॉलरची झाली. म्हणजे तूट ९९ अब्जांची! बहिष्काराच्या घोषणा रस्त्यावर चालू होत्या आणि आयातीची जहाजे बंदरात लागत होती. त्यात मौजेच्या वस्तू थोड्या आहेत. औषधांची मूळ रसायने, विजेरी यंत्रांचे सुटे भाग, सौरपट्ट्या आणि यंत्रसामग्री यांच्यावाचून येथील कारखाने चालत नाहीत, म्हणून ती आयात होते. घोषणांनी ती थांबणार नाही आणि एका रात्रीत थांबवली तर पहिली कुऱ्हाड येथील कामगारावरच पडेल.

हे अवलंबन किती धोक्याचे आहे, याचा प्रत्यय २०२५ साली आला. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा-धातूंच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्याची झळ पुण्याजवळच्या चाकण-आकुर्डी पट्ट्यातील वाहन उद्योगापर्यंत पोहोचली. या धातूंची वाळू केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर पसरलेली आहे. ती उपसण्यासाठी ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सार्वजनिक संस्था १९५० साली स्थापन झाली. पाऊणशे वर्षांनंतरही त्या वाळूपासून पुरेशी चुंबके देशात बनत नसतील, तर दोष बीजिंगला देऊन भागणार नाही. जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. २०१० साली सागरी तंट्यानंतर चीनने याच धातूंचा पुरवठा आखडता घेतला. जपानने चीनशी व्यापार तोडला नाही. त्याने ऑस्ट्रेलियातील खाणींत पैसा घातला, साठे केले, पर्याय शोधले आणि आपले अवलंबन हळूहळू कमी केले. ऑस्ट्रेलियावरही २०२० मध्ये चीनने सातूपासून दारूपर्यंत जकातींचा मारा केला. ऑस्ट्रेलियाने शिवीगाळ केली नाही, माघारही घेतली नाही. दुसरे बाजार शोधले आणि बोलणी चालू ठेवली. २०२४ पर्यंत त्या जकाती उठल्या. चिकाटीने आखलेले काम गर्जनेपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असाच याचा अर्थ आहे.

याहून खोल प्रश्न सामर्थ्याच्या मुळाचा आहे. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखे होते. आज चीनची अर्थव्यवस्था भारताच्या चौपटीहून मोठी आहे. हा चमत्कार केवळ स्वस्त मजुरीचा वा परकी भांडवलाचा नाही. कारखाने येण्यापूर्वी तेथे जमिनीचे फेरवाटप झाले होते, प्राथमिक शिक्षण व आरोग्यसेवा खेड्यांपर्यंत गेली होती, स्त्रिया मोठ्या संख्येने उत्पादनात उतरल्या होत्या. त्या वाटेवर १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे दगावली आणि एकपक्षीय सत्तेने विरोधाचा प्रत्येक स्वर दाबला. ती किंमत भारताने कधीही मोजू नये. पण शाळा, दवाखाना आणि जमीन यांवाचून कोणतेही राष्ट्र बलवान होत नाही, हा धडा लोकशाहीने नाकारण्याचे कारण नाही. विमाने आणि तोफा विकत घेता येतात. सुशिक्षित, निरोगी कामगार विकत मिळत नाही.

शेजारधर्माचेही तेच. २०१५ साली नेपाळच्या सीमेवर मालवाहतूक अडली, भूकंपाने आधीच खचलेल्या नेपाळी जनतेने इंधन व औषधांचा तुटवडा सोसला आणि त्याचा ठपका दिल्लीवर ठेवला. दुसऱ्याच वर्षी काठमांडूने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटाचे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे सोपवले. चीनच्या दांडगाईला विरोध करणाऱ्या देशाने स्वतः लहान शेजाऱ्यांशी थोरल्या भावाच्या तोऱ्यात वागावे, हे विसंगत आहे आणि नुकसानीचेही आहे. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, तिबेटात, चीनने २०२५ च्या जुलैमध्ये साठ हजार मेगावॉटच्या प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. खालच्या अंगाच्या देशांचे हक्क मांडायचे तर भारताला बांगलादेशाशी एका स्वरात बोलावे लागेल. तो स्वर जुळायचा, तर तीस्तेच्या पाण्याचा जुना प्रश्न न्यायाने सोडवावा लागेल.

सीमा ही नकाशावरील रेघ असते त्याआधी ती कोणाची तरी कुरणे असतात. पूर्व लडाखमधील चांगपा मेंढपाळांच्या कुरणांचा काही भाग गलवाननंतर ठरलेल्या मोकळ्या पट्ट्यांत अडकला. याच लडाखची जनता २०१९ पासून सहावी अनुसूची आणि राज्याचा दर्जा मागत आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मेली. जे लोक उणे तीस अंशांच्या थंडीत सीमेचे पहारेकरी म्हणून उभे असतात, त्यांना दुरावून हिमालयाचे रक्षण कोणते सैन्य करणार आहे?

सर्वांत मोठी उणीव आहे ती लोकशाही चर्चेची. १९५९ पासून नेहरू सरकारने चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांच्या रूपाने संसदेपुढे मांडला. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्ध चालू असताना, संसद बसली आणि विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. २०२० मध्ये संरक्षणमंत्र्यांचे निवेदन झाले. सविस्तर चर्चेची मागणी मात्र मान्य झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्से येथे चकमक झाली, तेव्हाही तोच प्रकार घडला. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे कधीच प्रसिद्ध केला नाही. कोणत्या कुरणावर पूर्वी गस्त होती आणि आता नाही, हे नागरिकाला कळू नये, पण विजयाच्या घोषणा मात्र त्याने द्याव्यात, अशी ही रीत आहे. चीनपाशी नसलेले एक शस्त्र भारतापाशी आहे, ते म्हणजे प्रश्न विचारणारी संसद. तेच म्यान करून ठेवणे हा कोणता मुत्सद्दीपणा?

अमेरिकेच्या छत्रीखाली जाऊन हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनाही २०२५ च्या ऑगस्टने उत्तर दिले. त्या महिन्यात वॉशिंग्टनने भारतीय मालावर ५० टक्के जकात लादली आणि त्यानंतर काही दिवसांतच पंतप्रधान तियान्जिनला गेले. एका बलाढ्याने कान पिळला म्हणून दुसऱ्याच्या दारी जाणे म्हणजे अलिप्तता नव्हे. अलिप्ततेचा अर्थ स्वतःच्या पायांवर उभे राहून प्रत्येक प्रश्नावर स्वतःचे मत देणे हा आहे. त्यात चीनशी व्यापार बसतो, सीमेवरची सज्जता बसते आणि तिबेटी निर्वासितांना दिलेला आसरा न लाजता चालू ठेवणेही बसते.

चिनी सत्तेला विरोध म्हणजे चिनी माणसाचा द्वेष नव्हे, हेही निक्षून सांगितले पाहिजे. १९६२ साली सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीय रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांचा अपराध केवळ चेहऱ्याचा होता. २०२० मध्ये ईशान्येकडील विद्यार्थ्यांना शहरांतून तशाच शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याच महाराष्ट्रातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी जनतेच्या सेवेला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. आक्रमकाचा विरोध आणि जनतेशी बंधुभाव यांत अंतर्विरोध नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले आहे.

तेव्हा पुरोगामी कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. सीमेची स्थिती संसदेपुढे मांडली जावी, लडाखच्या जनतेशी सन्मानाने वाटाघाटी व्हाव्यात, औषधे आणि यंत्रभागांच्या स्वदेशी उत्पादनासाठी सार्वजनिक क्षेत्रात मुदतबंद योजना आखली जावी आणि शेजाऱ्यांशी बरोबरीच्या नात्याने वागावे, या मागण्या प्रत्येक सभेत, प्रत्येक कामगार संघटनेत मांडल्या गेल्या पाहिजेत. चीन बदलण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. हिमालयाच्या पलीकडे काय घडावे हे भारताच्या हाती फारसे नाही; अलीकडे काय घडावे हे सर्वस्वी भारताच्या हाती आहे.