‘वीस सात’ म्हटल्याने मराठी मरत नाही

२०१९च्या जूनमध्ये शाळा उघडल्या आणि बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक महाराष्ट्राच्या डोळ्यांत खुपलं. ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं त्यात छापलं होतं. एवढ्यावरून गदारोळ उठला. विधानसभेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोटी झाली, सभागृह हसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. ज्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं ते भाषेचं वाटोळं झाल्याचं सांगत चॅनेलवर बसले. मला त्या हसण्याचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो, कारण तो विनोद सहा-सात वर्षांच्या मुलांच्या जिवावर चालला होता.

पुस्तकात जुनी नावं होतीच. नवी त्यांच्या शेजारी ठेवली होती, आधाराला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. आयुष्यभर गणित शिकत आणि शिकवत आलेली ही बाई जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा मुलांना होणारा त्रास शांतपणे समजावून सांगत होती. समोरचे ऐकायलाच बसलेले नव्हते. आपण हसतो कुणाला, याचं भान राहिलं नाही. त्या २०२३ साली गेल्या. त्यांना उत्तर देणं ज्यांना जमलं नाही, त्यांनी टिंगल केली.

आता त्रास कसला ते बघा. ‘आठ’ हा एकच अंक शंभराच्या आत किती रूपं घेतो? अठरा, अठ्ठावीस, अडतीस, अठ्ठेचाळीस, अडुसष्ट, अठ्ठ्याहत्तर. ‘पन्नास’चं कधी ‘वन्न’ होतं, कधी ‘पन्न’: बावन्न, पण त्रेपन्न. ‘साठ’ सष्ट होतो, ‘सत्तर’ हत्तर होतो, ‘नव्वद’चं ण्णव होतं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणत पोरगं डोकं लावून एकोणनव्वदपर्यंत येतं, तोच नियम पुढे नेऊन ‘एकोणशंभर’ म्हणतं आणि ओरडा खातं, कारण तिथे नव्व्याण्णव आहे. ज्या मुलाने विचार केला ते चुकलं, ज्याने घोकलं ते बरोबर. गणिताच्या पहिल्याच पायरीवर आपण मुलांना शिकवतो की इथे डोकं चालवायचं नसतं.

ही रूपं अशी का झाली, हे मला ठाऊक आहे. संस्कृतातल्या संख्या प्राकृतात घासल्या, मराठीत आणखी घासल्या, हजारो वर्षं माणसांच्या तोंडात फिरून त्यांना हा आकार आला. त्यांचं मला अप्रूप आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यात सोनं सापडेल. पण दुसरीतल्या मुलाला त्या सोन्याचं ओझंच होतं.

आमच्या भागातल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास मी घेतो. बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांतली मुलं असतात. एकदा अंकलेखन घेताना ‘त्रेसष्ट’ म्हटलं. एका मुलीने आधी ३ काढला, मग थांबून त्याच्यापुढे ६ काढला. छत्तीस. कान जसा ऐकत होता तसा हात चालला होता: आधी ‘त्रे’, मग ‘सष्ट’. त्यात तिचं काय चुकलं? आपण बोलतो उजवीकडून आणि लिहितो डावीकडून. तिचं कुटुंब कलबुर्गीकडचं, घरी कानडी. तिला म्हटलं, तुझ्या भाषेत साठ आणि तीन कसं म्हणतात? ‘अरवत्तमूरु’, ती क्षणात म्हणाली, आणि खोडरबर न मागता शेजारी ६३ लिहिलं. अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. तिला गणित येत होतं. आडवी आली ती आपली नावं. कन्नड, तेलुगू, तमिळ मुलं आधी दशक म्हणतात, मग एकक. सोलापुरात, सांगलीत, बेळगावात मराठी माणूस बाजारात रोज ‘इप्पत्तेळु’ ऐकतो. तिथे कुणाला कानडी बुडाल्यासारखं वाटत नाही. मराठी पुस्तकात ‘वीस सात’ आलं की मात्र मराठी बुडते.

विरोधकांचा एकच मुद्दा दमदार होता आणि त्याला मान दिला पाहिजे: पाढे. ‘तीन नव्वे सत्तावीस’ याला लय आहे. ‘तीन नव्वे वीस सात’ जिभेवर अडखळतं, खरं आहे. मग पाढे सत्तावीसनेच म्हणा! पुस्तकाने सत्तावीस काढून टाकलेलं नव्हतं. मूल आधी वीस सातने संख्या समजून घेईल, लिहायला शिकेल, बेरीज करताना दशक-एकक डोळ्यांपुढे आणील आणि पाढ्याच्या तालावर सत्तावीसही शिकेल. आणि लयीचा एवढा कळवळा असणाऱ्यांना मी विचारतो, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी कुठे गेल्या? त्या शाळेतून गेल्या तेव्हा कुणी चॅनेलवर बसलं होतं का?

खरा राग मला याच्या पुढच्या ढोंगाचा आहे. मराठी संख्यांना आज कोण मारतंय? कुठल्याही शहरात किराणा दुकानात उभे राहा. दुकानदार ‘अडुसष्ट रुपये’ म्हणतो, कॉलेजातला पोरगा विचारतो, ‘म्हणजे किती?’ आणि दुकानदार निमूट ‘सिक्स्टी एट’ म्हणतो. फोन नंबर आपण ‘नाइन एट डबल टू’ असा सांगतो, बसचा नंबर इंग्रजीत, फ्लॅटचा नंबर इंग्रजीत, मुलाचे मार्क इंग्रजीत. मराठी शाळांनीसुद्धा पट टिकवायला सेमी-इंग्रजी घेतलं आणि सेमी-इंग्रजी म्हणजे नेमके गणित आणि विज्ञान मराठीतून हद्दपार. त्र्याऐंशी आणि ब्याण्णवसाठी गळा काढणाऱ्यांपैकी कितीकांच्या घरातल्या मुलांना ते शब्द कळतात? त्यांनी आपली मुलं ‘एटी थ्री’कडे केव्हाच पाठवली. ‘एटी थ्री’ म्हणजे ‘ऐंशी तीन’च की! स्वतःच्या मुलासाठी जी सोय त्यांनी फी भरून विकत घेतली, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला मराठीत फुकट मिळू लागली तेव्हा यांना संस्कृती आठवली. या ढोंगाला मी माफ करणार नाही.

संख्यांची नावं बदलता येत नाहीत, असंही ठासून सांगितलं जातं. नॉर्वेने बदलली. तिथेही सात आणि वीस, तीन आणि साठ असंच म्हणत. टेलिफोनचे नंबर मोठे झाले, फोनवर ऐकताना आकड्यांची उलटापालट होऊ लागली, तेव्हा टेलिफोन खात्याने आग्रह धरला, संसदेने ठराव केला आणि १ जुलै १९५१पासून शाळेत व सरकारी व्यवहारात वीस सात, साठ तीन सुरू झालं. आज तिथे दोन्ही ऐकू येतं, आजोबा एक म्हणतात, नात दुसरं. नॉर्वेजियन भाषा आहे तिथे आहे. वेल्श भाषेत तर अठराला ‘दोन नव्वे’ अशा अर्थाचा शब्द आहे. शाळेतलं गणित त्यांनी ‘एक दहा आठ’ या सरळ पद्धतीवर आणलं आणि वय, तारीख, घड्याळ यांसाठी जुनं राहू दिलं.

बदल फसतो केव्हा, हेही पाहिलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत अंकांसाठी मुद्दाम घडवलेले शब्द आहेत: उनावन, बिसोटू, टेराथ्री, कार्तेफोर, पांताफाइव्ह. लॅटिन-ग्रीक वळणाचा एक तुकडा आणि त्याला इंग्रजी अंक जोडलेला. कागदावर निर्दोष, घोटाळ्याला जागाच नाही. पण वैमानिकाच्या तोंडी ते नाहीत. तो इंग्रजी अंकच थोडे वळवून ‘ट्री’, ‘फाइफ’, ‘नायनर’ म्हणतो. रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेनेही नव्या मूलद्रव्यांसाठी असाच कारखाना काढला. १११ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं तात्पुरतं नाव ‘उनउनउनियम’, तीन वेळा एक. नियम पक्का, पण संशोधक आपसांत क्रमांकानेच बोलत राहिले आणि २००४ साली ‘रोएंटजेनियम’ हे नाव आल्यावर ते तात्पुरतं नाव फायलीत गेलं. शब्द बाहेरून आणून नियमाच्या साच्यात ओतले की ते कुणाचेच होत नाहीत. ‘वीस सात’मध्ये बाहेरचं काय आहे? वीस मराठी, सात मराठी, आणि दोन्ही त्या मुलाला आधीपासून येतात. ‘एकशे सात’, ‘दोनशे वीस’ असं मोठं आधी आणि लहान नंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो. शंभराच्या पुढे जे मराठी आहे ते शंभराच्या आत परकं कसं?

माझं भांडण बालभारतीशीही आहे. एवढा मोठा बदल करायचा आणि पालकांना, शिक्षकांना त्याची आगाऊ कल्पना नीट पोचवायची नाही, हा हलगर्जीपणा होता. शिक्षकाला स्वतःलाच तो पटलेला नसेल तर वर्गात तो हसतच शिकवणार, आणि शिक्षक हसला की मूल ते शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही. पत्रकं आणि खुलासे गदारोळानंतर आले. ते आधी, गावोगावच्या शिक्षण परिषदांत, उदाहरणं देऊन सांगायला हवे होते.

मागणी साधी आहे. पहिली ते चौथी दोन्ही नावं पुस्तकात राहू द्या, पुसट कोपऱ्यात नव्हे, ठळक. पाढे जुन्या नावांनी चालू ठेवा. आणि तोंडी परीक्षेत ८६ दाखवल्यावर कुणी ‘ऐंशी सहा’ म्हटलं तर त्याचे पूर्ण गुण द्या, हे शिक्षकांना लेखी कळवा.