विश्लेषण : शहरासाठी बनलेली छोटी गाडी शहापूर-मुरबाडला पुरेशी आहे का?

छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. गाडी थोडी स्वस्त झाली आणि दारातून वेगवान रस्ता गेला. आजवर दुचाकीवर भागवणाऱ्या घरांत पहिल्या नव्या गाडीचा विषय निघणे स्वाभाविक आहे. मात्र शोरूममधला सल्ला बहुधा ‘शहरात चालवायला सोपी’ या एका वाक्याभोवती फिरतो. ठाण्याच्या ग्रामीण भागातील कुटुंबाला तो कितपत लागू पडतो?

‘सिटी कार’ म्हणजे नेमके काय?

लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, कमी जागेत वळणारी आणि थोड्या जागेत उभी राहणारी गाडी, असा तिचा साधारण अर्थ. ही व्याख्या करातही उतरली आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल वा सीएनजी गाड्यांना (डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के कर लागतो. यापैकी एकही मर्यादा ओलांडली की तो ४० टक्के होतो. विजेवरील गाड्यांना ५ टक्केच कर आहे. म्हणजे चार मीटरच्या आतली गाडी निवडणे हा केवळ पार्किंगचा प्रश्न नसून थेट पैशांचा प्रश्न आहे.

शहरातील गर्दीसाठी अशा गाड्यांत ‘एएमटी’ म्हणजे स्वयंचलित गिअरचा पर्यायही दिला जातो. भिवंडी बायपासच्या किंवा शहाडच्या कोंडीत डाव्या पायाला त्यामुळे आराम मिळतो, हे खरे. पण चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घसरू नये यासाठी ‘हिल होल्ड’ची सोय असलेली बरी. कसारा आणि माळशेज हे दोन्ही घाट इथल्या लोकांच्या नेहमीच्या वाटेवर आहेत.

इथल्या गाडीचा रोजचा रस्ता कोणता?

गाडी निवडताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि नेमका तोच सहसा राहून जातो. शहापूरचा नोकरदार मुंबईला रोज गाडीने जात नाही. आसनगाव ते सीएसएमटी अंतर सुमारे ८६ किलोमीटर. जाऊन-येऊन पेट्रोललाच हजार-अकराशे रुपये लागतात. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास त्याहून स्वस्त पडतो. त्यामुळे गाडी जाते ती घरापासून आसनगाव, आटगाव किंवा खर्डी स्थानकापर्यंत.

मुरबाडची गोष्ट वेगळी. तिथे रेल्वे नाही. कल्याण गाठायचे तर सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता, तोही कल्याण-अहिल्यानगर महामार्गाचा, अवजड वाहनांच्या सोबतीने. मुरबाड एमआयडीसीतील कामगार असो, दवाखान्यासाठी कल्याणला निघालेले आजी-आजोबा असोत किंवा कॉलेजला जाणारी मुलगी, सगळ्यांची वाट एकच.

म्हणजे इथल्या गाडीला एकाच दिवसात तीन रस्ते भेटतात : पाड्यापर्यंतची अरुंद, पावसाळ्यात उखडलेली वाट, मग ट्रक-कंटेनरचा महामार्ग आणि शेवटी कल्याण किंवा भिवंडीची कोंडी. ‘सिटी कार’ तिसऱ्या रस्त्यासाठी बनलेली असते. पहिल्यासाठी तिच्यात थोडी उंची आणि दुसऱ्यासाठी मजबुती पाहावी लागते.

मग उंच आणि मोठी गाडीच घ्यावी का?

गरज नाही. गावातले गतिरोधक बहुधा कुठल्याही मापात न बसणारे असतात. पाच माणसे बसली की गाडी आणखी खाली जाते. त्यामुळे जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटरच्या आसपास असेल तर पोट घासत नाही. ही उंची चार मीटरच्या आतल्या काही गाड्यांतही मिळते. टाटा पंचची उंची १८७, तर ह्युंदाई एक्स्टरची १८५ मिलिमीटर आहे. त्यासाठी लाखो रुपये जास्त मोजून मोठी ‘एसयूव्ही’ घेण्याचे कारण नाही.

दुसरा मोह सात आसनांचा. म्हसाची यात्रा, लग्नसराई, गावदेवीचा उत्सव, अशा वेळी सगळे एकत्र जाता येईल, हा घरातील वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद असतो. भावना समजण्यासारखी आहे. पण वर्षातल्या चार-पाच दिवसांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस मोठ्या गाडीचे इंधन, विमा आणि हप्ता भरावा लागतो. त्या दिवसांपुरती जीप भाड्याने घेणे केव्हाही स्वस्त. गाडी रोजच्या माणसांसाठी घ्यावी. पाहुण्यांसाठी घेऊ नये.

सुरक्षिततेचा मुद्दा इथे अधिक महत्त्वाचा का?

‘गावात असे किती वेगाने जाणार?’ हा समज इथे घातक ठरू शकतो. मुंबईतील गाडी दिवसभर कोंडीत रांगते. शहापूर-मुरबाडची गाडी घरातून निघून काही मिनिटांत महामार्गावर असते. समृद्धी महामार्गावर सपाट भागात ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे. दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. त्यामुळे आयुष्यभर ताशी ५०-६० ने दुचाकी चालवलेला माणूस खुटघरच्या इंटरचेंजवरून पहिल्यांदा चढतो, तो थेट दुप्पट वेगाच्या रस्त्यावर.

गाड्यांची धडक-चाचणी करून गुण देणारी ‘भारत एनकॅप’ ही देशी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यात प्रौढ आणि मुले यांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र तारे दिले जातात. चाचणी ऐच्छिक असल्याने प्रत्येक गाडीचे तारे मिळतीलच असे नाही. तारे नसतील तर का नाहीत, हे विक्रेत्याला विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. छोटी गाडी म्हणजे कच्ची गाडी, हेही आता खरे राहिलेले नाही. २०२१ मध्ये टाटा पंचला आणि २०२४ मध्ये नव्या मारुती डिझायरला ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या आहेत.

सहा एअरबॅग ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीच्या करण्याचा केंद्राचा प्रस्ताव होता, पण सक्ती झाली नाही. तरीही २०२५ मध्ये ऑल्टो के१० सारख्या अगदी सुरुवातीच्या किमतीच्या गाडीतही त्या सर्व प्रकारांत आल्या. म्हणजे ‘एवढ्या पैशांत नाही मिळत’ हे उत्तर आता पटण्यासारखे नाही. मात्र एअरबॅगची संख्या वाढली म्हणजे गाडीचा सांगाडा मजबूत झाला असे नव्हे. त्यासाठी तारेच पाहावे लागतात.

आणि मागच्या आसनावरचा पट्टा. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी शेजारच्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघाती मृत्यू झाला. ते महागड्या, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गाडीत मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. मागे पाच-सहा जणांना कोंबून बसवण्याची सवय पहिल्या गाडीबरोबरच सोडायला हवी.

पेट्रोल, सीएनजी की वीज?

याचे उत्तर महिन्याच्या धावेवर ठरते. एक ढोबळ हिशेब पाहू. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि प्रत्यक्षात १६ किलोमीटरचे मायलेज धरले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. सीएनजी ८० रुपये किलो आणि २४ किलोमीटर धरले, तर साधारण ३ रुपये ३५ पैसे. सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग असेल, तरी महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, तर सीएनजी गाडीला ८ टक्के वाहनकर असल्याने सात लाखांच्या गाडीवर १४ हजारांच्या आसपास परत वाचतात. उरलेले ७६ हजार वसूल व्हायला सुमारे २४ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी ४० महिने लागतील आणि १,५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १६ महिने. म्हणून घर ते आसनगाव स्थानक एवढीच धाव असलेल्याने पेट्रोल घ्यावे. मुरबाड-कल्याण रोज करणाऱ्याने सीएनजीचा विचार जरूर करावा.

पण टाकी डिकीतली किती जागा खाते, हे उघडून पाहावे. सिलिंडरची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. भाताचे पोते किंवा भाजीचे क्रेट न्यायचे असेल तर हा फरक मोठा आहे. पंप रोजच्या वाटेवर आहे का आणि तिथे रांग किती असते, हेही पाहायला हवे.

विजेवरील गाडीबाबत मात्र गावाची बाजू शहरापेक्षा भक्कम आहे. मुंबई-ठाण्याच्या सोसायटीत चार्जिंगची जागा मिळवण्यासाठी सभेत ठराव करावा लागतो. इथे स्वतःचे अंगण असते. २४ युनिट क्षमतेची छोटी बॅटरी १५ अँपिअरच्या जोडणीवर रात्रभरात भरते. वीज १० रुपये युनिट धरली तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास खर्च येतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेवरील मोटारींना वाहनकर माफी आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफीही आहे. अडचणी दोन : पावसाळ्यात रात्र-रात्र जाणारी वीज आणि जुन्या घरांतील कच्चे अर्थिंग. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय घरी चार्जिंग करू नये. घरात ही एकच गाडी असेल आणि नाशिक-पुण्याला वारंवार जाणे असेल, तर छोट्या बॅटरीची गाडी अपुरी पडेल.

खरी किंमत कोणती?

जाहिरातीतली एक्स-शोरूम किंमत ही सुरुवात असते. वाहनकर, विमा, नोंदणी धरून होणारी ‘ऑन-रोड’ किंमत लेखी, बाबनिहाय मागावी. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे. पण विमा त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती नाही. बाहेरून दर मागवला की घासाघीस करता येते. इंजिन संरक्षणाची जोड मात्र इथे घ्यावीच. अतिवृष्टीत उल्हास नदीवरील रायते पूल पाण्याखाली जाऊन कल्याण-मुरबाड वाहतूक तुटल्याचे प्रसंग घडले आहेत. साध्या विम्यात इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान सहसा धरले जात नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये.

कर्जाचा हिशेब मुदतीसह पाहावा. पाच लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये, सात वर्षांसाठी सुमारे ८,०४५ रुपये. हप्ता हलका वाटतो, पण व्याज सव्वा लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर जाते. नाशिक महामार्गाने ठाण्याला वरचेवर जाणाऱ्याने पडघ्याजवळच्या टोलचाही विचार करावा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास २०० फेऱ्यांना पुरतो; सुरुवातीला, २०२५ मध्ये, त्याची किंमत ३,००० रुपये होती, म्हणजे फेरीला १५ रुपये. समृद्धीवर तो चालत नाही.

समृद्धीसाठी जमीन गेलेल्या घरांत मोबदल्याच्या रकमेतून रोखीने गाडी घेण्याचा मोह असतो. जमिनीचा मोबदला एकदाच येतो आणि गाडीचा खर्च दर महिन्याला. गाडीची किंमत पहिल्या वर्षापासूनच घसरू लागते. ठेवीला हात लावण्याआधी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

मग निवड कशी करावी?

चार मीटरच्या आतली, पुरेशा उंचीची छोटी गाडी शहापूर-मुरबाडच्या कुटुंबाला पुरते. म्हणजे ‘सिटी कार’ ही निवड चूक नाही, निवडीचा क्रम मात्र बदलायला हवा. शहरी सल्ल्यात आधी गिअर, मग मायलेज, मग मोठा पडदा आणि शेवटी सुरक्षितता येते. इथे आधी तारे आणि एअरबॅग, मग जमिनीपासूनची उंची, मग इंधन आणि जवळचे सेवाकेंद्र, असा क्रम हवा. पैसे कमी पडले तर सनरूफ सोडावा, मिश्रधातूची चाके सोडावीत, पण सुरक्षिततेच्या सोयी असलेला प्रकार सोडू नये. पडदा नंतर बाजारातून बसवता येतो. एअरबॅग बसवता येत नाही.

आणि चाचणी-फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन निर्णय करू नये. घरातली पाचही माणसे बसवून, वातानुकूलन सुरू ठेवून, आपल्याच पाड्याच्या वाटेवर आणि एका चढावर गाडी चालवून पाहावी. विक्रेता गाडी तिथवर पाठवायला तयार नसेल, तर विक्रीनंतरची सेवा कशी असेल याचा अंदाज तिथेच येतो.