गाव यादीत सापडेना

संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये पत्ता भरताना हल्ली एक सोय असते. आपण तीन-चार अक्षरे टंकली की चौकटीखाली पत्त्यांची यादी उघडते. त्यातला आपला पत्ता निवडला की शहर, राज्य, पिनकोड हे रकाने आपोआप भरतात. याला ऑटोकम्प्लीट म्हणतात. बँक असो, शाळाप्रवेश असो की काजू विकणारे दुकान, नवे संकेतस्थळ करून घेणारा प्रत्येकजण ही चौकट मागतो, आणि करून देणाऱ्याला ती बसवणे फारसे जड जात नाही.

सोय चांगली आहे. टंकनाचा त्रास वाचतो, पिनकोड चुकत नाही. माझी तक्रार तिच्याविषयी नाही, गोव्यात ती ज्या रीतीने बसवली जाते त्या रीतीविषयी आहे. यादीने पत्ता सुचवावा. पत्ता ठरवण्याचा अधिकार मात्र घरात राहणाऱ्याकडेच असावा.

ही चौकट काम कशी करते ते आधी पाहू. आपण अक्षर दाबले की क्षणभर थांबून ब्राउझर दूरच्या एका सर्व्हरला विचारतो, ‘या अक्षरांनी सुरू होणारे काय काय आहे तुमच्याकडे?’ सर्व्हर गूगलचा असेल, मॅपमायइंडियाचा असेल किंवा आणखी कोणाचा. त्याच्याकडे नावांचा साठा असतो. जुळणारी नावे तो काढतो आणि प्रसिद्ध किंवा जवळची ठिकाणे वर ठेवून परत पाठवतो. म्हणजे साठ्यात नाव ज्या स्पेलिंगने घातले असेल त्याच्या आसपासच आपल्याला शोधावे लागते. गोव्याचे घोडे इथेच अडते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गेले, त्यांची स्पेलिंगे राहिली. ‘केपे’ रोमन लिपीत क्यू अक्षराने सुरू होते आणि त्याच्या शेवटी एम येतो. तो एम म्हणजे ‘म’ नव्हे, पोर्तुगीज रीतीने दाखवलेला तो अनुनासिक स्वर. ‘शेल्डे’ एक्सने सुरू होते, कारण पोर्तुगीजांत एक्सचा उच्चार ‘श’. ‘साखळी’च्या पोटात क्यू बसलेला आहे. ‘डिचोली’ची सुरुवात तर बी अक्षराने होते. जन्मभर ‘डिचोली’ म्हणणाऱ्या माणसाने डी दाबला तर तो आपल्या गावापर्यंत पोचणार कसा? आणि ‘जुवे’ शोधणाऱ्याला यादीत एका ख्रिस्ती संताचे नाव शोधावे लागेल, कारण सरकारी दप्तरात ते सांतइस्तेव्ह आहे. ज्याला हे ठाऊक आहे त्याचे निभावते. सुनेला औषध मागवून देणाऱ्या सासूबाईंना ठाऊक असेलच असे नाही.

भर घातली ती कोकण रेल्वेने. तिच्या स्थानकावरची रोमन पाटी ‘मडगाव’ अशी वाचता येते, पण शहरात शिरलात की नगरपालिकेची पाटी जुन्या वळणाने ‘मार्गाव’ म्हणते. तिसवाडीतले करमळी रेल्वेच्या लेखी जवळजवळ करमळीच आहे, गावच्या कागदोपत्री मात्र सी-ए-आर-ए-एम-बी करत ‘कारांबोली’च्या वळणाने जाते. एकाच गावाच्या दोन टोकांना दोन नावे. कोणते टंकावे?

त्यात एका नावाची अनेक गावे. कुडचड्याला लागून सावर्डे आहे, सत्तरीत सावर्डे आहे आणि तिकडे चिपळूण तालुक्यातही सावर्डे आहे. आपण उच्चाराप्रमाणे टंकले तर चिपळूणचे सावर्डे वर यायचे, कारण आपल्याकडल्या सावर्ड्याच्या रोमन नावात मध्ये एक एन आणि शेवटी एक एम आहे. घाईत पहिली ओळ दाबली की पुढचे रकाने आपोआप भरतात आणि पार्सल महाराष्ट्रात.

हे दुखणे नवे नाही. पिनकोड आला तोच यासाठी. सारख्या नावांची गावे, अनेक भाषा आणि लिप्या यांतून टपाल चुकू नये म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी होते. त्यांनी गावांची नावे बदलायला सांगितली नाहीत, स्पेलिंग एक करा असा आग्रह धरला नाही. नावाशेजारी आकडा ठेवला एवढेच. गोव्याचा आकडा ४०३ ने सुरू होतो, पणजीचा ४०३००१. आकड्याने पत्र टपाल कचेरीपर्यंत न्यायचे, तिथून पुढे पोस्टमन जाणे आणि त्याचा वाडा जाणे. पाकिटावर कोणी ‘मडगाव’ लिहिले, कोणी ‘मार्गाव’, पत्र पोचत राहिले.

आता आपला पत्ता कसा असतो ते आठवा. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका. पणजीत १८ जून रस्ता आहे, म्हणून तिथल्या दुकानाला रस्त्याच्या नावाने पत्ता देता येतो. खेडेगावात रस्त्याला नाव कुठले? फॉर्ममध्ये मात्र ‘स्ट्रीट’ हा रकाना असतो आणि त्यावर सक्तीचा तारा असतो, कारण तो फॉर्म मुळात अशा देशासाठी आखलेला आहे जिथे घर रस्त्यावर असते. आपले घर वाड्यावर असते. देऊळवाडा, गावकरवाडा, खालचा वाडा ही नावे गावोगाव तीच, त्यामुळे यादीने गाव न विचारता देऊळवाडा दाखवला तर तो कोणाचा हे कळायला मार्ग नाही. शिवाय पत्त्याचा खरा जीव खुणेत असतो. पिंपळाच्या पारासमोर, खुरसाकडून डावीकडे, मानशीच्या अलीकडचे घर. कुरिअरवाला पोरगा फोन करून विचारतो ते हेच.

मध्यंतरी एका दुकानाच्या संकेतस्थळावर मी पुस्तके मागवत होतो. पत्ता नीट लिहिला, तर खाली तांबडी ओळ आली की यादीतला पत्ता निवडा. यादीत आमच्या गावातली दोन हॉटेले आणि एक व्हिला होता, वाडा नव्हता. नकाशावर आपली नोंद व्हावी म्हणून हॉटेलवाला स्वतः खटपट करतो, वाड्याची खटपट कोण करणार? शेवटी असे फॉर्म भरताना लोक काय करतात, तर जवळचे हॉटेल निवडतात. मग पावतीवर, बिलावर, पुढच्या पत्रांवर तेच छापून येते. किनाऱ्यावरच्या गावांत घराची ओळख हळूहळू शेजारच्या व्हिलावरून होऊ लागली तर नवल वाटायला नको.

याला मी नुसती गैरसोय म्हणत नाही. आपल्या गावांच्या नावांत इतिहास साठलेला आहे. सत्तरीत ब्रह्मकरमळी आहे. तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव धर्मांतराच्या धामधुमीत तिकडे हलवला आणि देवाबरोबर गावाचे नावही गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आज बेळगाव, मुंबई, इंदूर इथून कुळावी येतात ते ‘कवळे’ आणि ‘केळशी’ ही नावे घरच्या वहीत लिहून घेऊन येतात. रोमन लिपीत या दोन्ही गावांची जुनी रूपे क्यूने सुरू होतात. हे त्यांच्या वहीत कुठून असणार?

१९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद झाली. त्यावरचा आपला वाद अजून संपलेला नाही आणि आज मला त्यात शिरायचे नाही. पण दोन्ही बाजूंची लिपी एकच आहे, आणि पत्त्याच्या चौकटीत ती लिपी टंकली की बहुतेक वेळा यादी गप्प बसते. निदान एवढ्या बाबतीत दोघांची तक्रार एक असायला हरकत नाही.

प्रोग्रामर मंडळींचे उत्तर मला माहीत आहे. लोकांना हवे ते लिहू दिले तर कचरा जमा होतो, पार्सले परत येतात, खर्च वाढतो. मुद्दा खोटा नाही. पण यादीतला पत्ता म्हणजे खरा पत्ता, हे गृहीत चुकीचे आहे. पिनकोड आणि गाव जुळतात की नाही एवढे तपासले तरी बरीचशी घाण गाळली जाते. आणि नेमकी जागाच हवी असेल तर आता डिजिपिन आहे. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार केलेली ही पद्धत मे २०२५ मध्ये खुली झाली. देशाची साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी संकेत दिलेला आहे. जागा दाखवण्याचे काम संकेताने केले तर नावावर तो भार राहत नाही. मग अमुक स्पेलिंगनेच लिहा, ही सक्ती कशासाठी?

तेव्हा गोव्यासाठी फॉर्म करणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. यादीच्या तळाशी ‘माझा पत्ता यात नाही, मी लिहितो’ अशी एक ओळ ठेवा. माणसाने लिहिलेले जसेच्या तसे जपा, संकेत आणि अक्षांश-रेखांश वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘स्ट्रीट’च्या जागी वाडा विचारा आणि खुणेसाठी मोकळी जागा द्या. शोधताना गोव्यातली गावे आधी दाखवा. ‘डिचोली’ कोणत्याही लिपीत लिहिले तरी ती सापडावी म्हणून पर्यायी नावांची एक छोटी यादी स्वतःकडे ठेवा. गोव्यातली गावे काही हजारांत नाहीत, हे काम एका आठवड्यात होण्यासारखे आहे.

आणि काही आपणही करायला हवे. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकांनी मिळून तयार केलेला आहे. त्यात एकाच ठिकाणाला मराठी नाव, कोकणी नाव, पर्यायी नाव, जुने नाव अशी वेगवेगळी नोंद करता येते आणि खाते उघडून कोणालाही ती करता येते. टंकता टंकता सुचवणारी फोटॉनसारखी मोफत प्रणाली याच साठ्यावर चालते. पंचायतींनी आपल्या वाड्यांची नावे देवनागरीत आणि रोमनमध्ये प्रसिद्ध केली तर फारच उत्तम. पण पंचायतीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या वाड्याचे नाव, गावकऱ्यांच्या तोंडी असते तसे, नकाशावर घालायला पाच मिनिटे लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारून घ्या, कारण वाड्यांची जुनी नावे आता त्यांनाच ठाऊक आहेत.