ग्रुपवरचं इंग्रजी आणि मुलींचा नंबर

‘मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस’ हे आपलं रोजचं वाक्य. मैत्रिणींनो, आता कॉलेजच म्हणतं, मोबाइल घे आणि अभ्यास कर! मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे वर्ग बंद झाले आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप हाच वर्ग झाला. पुढे वर्ग उघडले, पण ग्रुपची सवय राहिली.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी जुन्नर, मंचर, घोडेगावच्या कॉलेजात येणारी कितीतरी मुलं साधा अर्ज इंग्रजीत लिहायला बिचकतात. कारण सरळ आहे. शाळेत त्यांनी इंग्रजी फळ्यावरून उतरवून घेतलं, निबंध गाइडमधून पाठ केला. मनाने असं लिहिलंच कुठे? आणि भरलेल्या वर्गात सरांनी तरी किती वह्या तपासायच्या?

म्हणून ग्रुपवर रोज चार ओळी लिहून घेणं मला पटतं. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटला काय भाव निघाला, एसटी का चुकली, काहीही लिहा. चार जण वाचणार म्हटल्यावर मूल विचार करून लिहितं, चूक तिथल्या तिथे कळते. अर्थात, सर किंवा मॅडम रोज वाचणार असतील तरच! नाहीतर २०२२ च्या शेवटी आलेलं चॅटजीपीटी आहेच, गाइडचा नवा अवतार. आणि स्पेलिंगची काटछाट करायची सवय पेपरात नडते, ती वेगळीच.

पण खरी अडचण मुलींची आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आधी ‘गुड मॉर्निंग’, मग रात्रीचे मिस्ड कॉल. घरी कळलं की फोन कुणाचा काढून घेतात? मुलीचाच. त्रास देणारा ग्रुपवर राहतो आणि हिचं इंग्रजी बंद! बचत गटाच्या बैठकीत आया हळू आवाजात हेच सांगतात.

यावर उपाय अवघड नाही. मुलींचा वेगळा ग्रुप मॅडमकडे ठेवता येतो. गूगल क्लासरूममध्ये तर मोबाइल नंबर दाखवावाच लागत नाही. डिंभ्याच्या वर, आहुपे खोऱ्यात रेंजचा भरवसा नसतो. तिथल्या मुलीने त्याच चार ओळी वहीत लिहून आणल्या तर चालायला हव्यात.

पुढच्या पालक मेळाव्याला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. ग्रुपवरचं लिखाण तपासतं कोण? आणि माझ्या मुलीचा नंबर कुणाकुणाला दिसतो?